ल्युपसचे रुग्ण वाढले, की आपलं जाळं मोठं झालं? मोजणी पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या संगणकीय नोंदींवरून निघालेले दोन आकडे आधी बघा. १९९९ साली तिथे दर लाख लोकांमागे ल्युपसचे सुमारे ६५ रुग्ण होते, २०१२ साली ९७. तेरा वर्षांत जवळजवळ दीडपट. दुसरा आकडा त्याच नोंदींतला, त्याच वर्षांतला: ल्युपसचं निदान नव्याने होणाऱ्यांचा दर दरवर्षी सुमारे १.८ टक्क्यांनी घटत होता. दोन्ही बरोबर आहेत. पण पहिला एकटा वाचला तर 'ल्युपस फोफावतोय' अशी बातमी होते, आणि दुसरा एकटा वाचला तर 'ल्युपस ओसरतोय' अशी.

ज्याच्या हातात कुणीतरी रुग्णांची एक फाईल ठेवली आहे आणि 'हा आजार वाढतोय का ते जरा बघा' एवढंच सांगितलं आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय. टक्केवारी, सरासरी एवढं येतं असं धरून चाललोय. संधिवातशास्त्र येत नसलं तरी चालेल.

ल्युपस म्हणताना इथे एसएलई अभिप्रेत आहे, म्हणजे अनेक अवयवांना ग्रासणारा ल्युपस. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते. त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्तपेशी, मेंदू, कुठेही फटका बसू शकतो. दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ स्त्रिया असतात, आणि बहुतेकींना आजार १५ ते ४४ या वयात गाठतो. मोजणाऱ्याची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. मधुमेहात रक्तातल्या साखरेची एक रेघ आखता येते: रेघेवर गेला तो रुग्ण. ल्युपसमध्ये अशी एकही चाचणी नाही. चार-पाच खुणा जुळवून डॉक्टर निष्कर्षाला येतो, आणि त्या खुणा कधीकधी काही वर्षांच्या अंतराने उगवतात.

पायरी १: नवे प्रवेश मोजायचे आहेत की पट?

शाळेचं उदाहरण घ्या. यंदा किती मुलांनी नवा प्रवेश घेतला हा एक प्रश्न, आणि आज पटावर एकूण किती मुलं आहेत हा दुसरा. रोगांच्या मोजणीत पहिल्याला इन्सिडन्स म्हणतात आणि दुसऱ्याला प्रिव्हलन्स. मुलं शाळेत जास्त वर्षं टिकू लागली, तर नवे प्रवेश घटले तरी पट फुगतो. ब्रिटनमध्ये दिसलं ते याच जातीचं. १९५०च्या दशकात ल्युपसचं निदान झाल्यावर पाच वर्षांनी निम्मेच रुग्ण हयात असत. आज हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. रुग्ण जगतात, म्हणून पट वाढतो. ही बातमी चांगली आहे, पण ती आलेखात वाईट दिसते.

ढोबळ हिशेब असा: एकूण रुग्णांचं प्रमाण म्हणजे नव्या रुग्णांचा दर गुणिले आजारासोबत जगण्याची सरासरी वर्षं. लाखामागे वर्षाला ५ नवे रुग्ण आणि सरासरी २० वर्षं आयुष्य, तर पटावर १०० च्या आसपास. हे सूत्र परिस्थिती स्थिर असेल तेव्हाच चालतं, तरी स्वतःचे आकडे ताडून बघायला ते फार उपयोगी पडतं. तुमच्या यादीत लाखामागे वर्षाला ५ नवे आणि एकूण फक्त १५ असतील, तर जुने रुग्ण तुमच्या हाती लागलेले नाहीत, किंवा जुन्यांनाच तुम्ही नवे म्हणून मोजताय.

कारणांचा माग घ्यायचा असेल, म्हणजे हवेत, औषधांत, राहणीमानात काही बदललं का, तर नव्या रुग्णांचा दर हवा. किती खाटा, किती तज्ज्ञ, किती औषध लागेल हे ठरवायचं असेल तर एकूण रुग्णांचं प्रमाण. प्रश्न विचारणाऱ्याला यातलं नेमकं काय हवंय ते लेखी घ्या. बहुतेकदा त्यालाही ते ठाऊक नसतं.

पायरी २: रुग्ण कुणाला म्हणायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी तरी पुढच्या सगळ्या पायऱ्यांना मिळून दिला नसेल इतका इथे दिला आहे.

अभ्यासासाठी रुग्ण निवडण्याचे निकष अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ साली नव्याने बसवले. अकरा मुद्द्यांची यादी, त्यातले किमान चार लागू पडले की ल्युपस. १९९७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. २०१२ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने सतरा मुद्द्यांची नवी यादी आणली. तिथेही चारच मुद्दे लागतात, पण त्यात एक तरी लक्षणांचा आणि एक तरी रक्तातल्या प्रतिकारघटकांचा हवा. शिवाय मूत्रपिंडाच्या बायोप्सीत ल्युपस दिसला आणि सोबत रक्तात एएनए (पेशींच्या केंद्रकावर उलटणारी प्रतिपिंडं) किंवा डीएनएविरोधी प्रतिपिंडं सापडली, तर बाकी मुद्दे मोजायची गरज नाही. २०१९ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या संघटनांनी मिळून तिसरी पद्धत दिली: एएनए चाचणी किमान १:८० ला (म्हणजे रक्तद्रव ८० पट पातळ केल्यावरही) होकारार्थी असेल तरच आत प्रवेश, मग प्रत्येक खुणेला गुण, आणि दहा किंवा जास्त गुण झाले की ल्युपस.

निकष बदलल्याने आकडा किती हलतो? न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये २००७ ते २००९ या काळातल्या रुग्णांची मोठी मोजणी झाली. १९९७च्या निकषांनी एकूण प्रमाण लाखामागे ६२.२ आलं आणि नव्या रुग्णांचा दर ४.६. तीच वस्ती, तीच वर्षं, तीच कागदपत्रं. फक्त २०१२चे निकष लावले, तर ७३.८ आणि ६.२. नव्या रुग्णांचा दर एका झटक्यात तिसऱ्या हिश्शाने वाढला आणि एकही माणूस जास्तीचा आजारी पडला नाही. आता कल्पना करा, एखाद्या नोंदवहीत २०११ पर्यंत जुने निकष आणि २०१२ पासून नवे. आलेखावर ती पायरी इतकी ठळक दिसेल की कुणीतरी तिचं कारण पाण्यात शोधायला निघेल.

म्हणून करायचं काय? नोंदवहीत 'ल्युपस: होय/नाही' असा निकाल एवढाच लिहू नका. प्रत्येक खूण वेगळ्या रकान्यात लिहा: गालावरचं पुरळ, तोंडातले व्रण, सांध्यांची सूज, लघवीतली प्रथिनं, पांढऱ्या पेशींची घट, एएनए आणि त्याची पातळी, डीएनएविरोधी प्रतिपिंडं, कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या प्रतिकार-प्रथिनांची पातळी, बायोप्सीचा निष्कर्ष, आणि प्रत्येकापुढे ती पहिल्यांदा नोंदली गेल्याची तारीख. मग उद्या २०३० चे निकष आले तरी जुन्या नोंदींना ते लावून बघता येतील. निकालच तेवढा लिहून ठेवला असेल, तर जुनी वर्षं कायमची हातची गेली.

आणखी एक. हे निकष निदानासाठी नाहीत, अभ्यासात एकसारखे रुग्ण यावेत म्हणून आहेत. अनुभवी डॉक्टर ज्याला ल्युपस म्हणतो त्या रुग्णात कधीकधी तीनच खुणा भरतात. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या नोंदवहीने यावर तोडगा काढला होता. चार मुद्दे भरले तर रुग्ण. किंवा तीन भरले आणि संधिवाततज्ज्ञाचं अंतिम निदान ल्युपस असेल, तरीही रुग्ण. दोन व्याख्या ठेवा, एक कडक, एक सैल, आणि दोन्हींचे दर शेजारीशेजारी छापा.

कुणाला वगळायचं तेही आत्ताच ठरवा. फक्त त्वचेपुरता ल्युपस वेगळा मोजायचा. हायड्रॅलाझिन, प्रोकेनमाइड अशा औषधांमुळे होणारा ल्युपस औषध थांबवल्यावर बहुधा ओसरतो, त्याचीही वेगळी रांग. अमेरिकेत रुग्णसंख्या १५ लाख असल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं जातं, आणि २०२१ मध्ये नोंदवह्या एकत्र करून आलेला अंदाज सुमारे २ लाख ४ हजारांचा होता. या दरीमागे व्याख्येचा मोठा हात आहे: मोठ्या आकड्यात ल्युपसचे सगळे प्रकार धरलेले, लहान आकड्यात निकष पूर्ण करणारा एसएलई तेवढाच.

पायरी ३: छेदात कोण बसतं?

'आमच्या रुग्णालयात गेल्या वर्षी ल्युपसचे ८० रुग्ण आले' हा दर नाही, ती गर्दी आहे. दराला छेद लागतो, आणि छेदात तेच लोक हवेत जे आजारी पडले असते तर तुमच्या अंशात सापडले असते. एका मोठ्या रुग्णालयात लांबून लोक येतात. त्यांचा छेद कुणालाच माहीत नसतो.

म्हणून आधी नकाशावर रेघ मारा. जॉर्जियाच्या नोंदवहीने अटलांटा परिसरातल्या दोन काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखे विभाग) घेतल्या, फुल्टन आणि डिकॅल्ब. मिशिगनने वेन आणि वॉशटेनॉ. दोन्ही ठिकाणी काळ २००२ ते २००४. बाहेरच्या गावातला माणूस त्यांच्या रुग्णालयात आला तर तो मोजला नाही, आणि त्यांचा रहिवासी बाहेर उपचार घेत असेल तर तो शोधून काढून मोजला. जॉर्जियात एकूण प्रमाण लाखामागे ७३ आणि नवे रुग्ण वर्षाला ५.६ आले, मिशिगनमध्ये ७२.८ आणि ५.५. दोन स्वतंत्र गटांची उत्तरं इतकी जवळ येणं हे शिस्तीचं फळ.

पत्ता कोणत्या दिवशीचा धरायचा? नव्या रुग्णासाठी निदानाच्या दिवशीचा. एकूण प्रमाणासाठी मोजणीच्या ठरलेल्या दिवशीचा. दीर्घ आजारात माणसं उपचारांच्या सोयीसाठी मोठ्या रुग्णालयाजवळ राहायला जातात. आजचा पत्ता धरून नवे रुग्ण मोजलेत तर रुग्णालयाजवळची वस्ती उगीचच रोगट दिसेल.

पायरी ४: जाळं कुठेकुठे टाकायचं?

संधिवाततज्ज्ञांच्या दवाखान्यापासून सुरुवात सगळेच करतात. तिथेच थांबलात तर मूत्रपिंड निकामी होऊन थेट डायलिसिसवर गेलेला रुग्ण सुटतो, चट्ट्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणारी बाई सुटते, आणि निदान होऊन महिन्याभरात दगावलेलाही सुटतो. रुग्णालयांच्या डिस्चार्ज नोंदी, मूत्रपिंडतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, प्रतिपिंडांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळा, बायोप्सीचे अहवाल, डायलिसिसच्या याद्या, मृत्यूची प्रमाणपत्रं, एवढं तरी गोळा करा. मृत्यूच्या प्रमाणपत्रावर फार भिस्त ठेवू नका. तिथे बऱ्याचदा जंतुसंसर्ग किंवा हृदयविकार लिहिलेला असतो, आणि त्यामागचा ल्युपस कागदावर येतच नाही.

आयसीडी या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले सांकेतिक क्रमांक माहीत असू द्या. आयसीडी-९ मध्ये ७१०.०, आयसीडी-१० मध्ये एम३२. त्वचेच्या ल्युपसला आयसीडी-१० मध्ये एल९३. औषधांमुळे होणारा एम३२.० मध्ये जातो, तो गाळायला विसरू नका. शोध मात्र थोडा पसरट ठेवा: 'संयोजी ऊतींचा अनिश्चित आजार' अशा मोघम शिक्क्यांखालीही काही रुग्ण दडलेले असतात.

पायरी ५: यादी म्हणजे रुग्ण नव्हेत

हे गणित एकदा कागदावर करून बघाच. लाखभर लोकांत खरे रुग्ण ७० आहेत असं धरा. तुमची शोधपद्धत नव्वद टक्के खऱ्या रुग्णांना पकडते आणि निरोगी माणसाला चुकून रुग्ण म्हणण्याची तिची शक्यता फक्त एक टक्का. ऐकायला झकास. खरे रुग्ण सापडले ६३. उरलेल्या ९९,९३० जणांचा एक टक्का म्हणजे ९९९. यादीत १,०६२ नावं, त्यातली खरी ६३. शंभरातली सहा! दुर्मीळ आजारात एका टक्क्याची चूकही यादी बुडवते.

एकट्या एएनए चाचणीवर यादी करणं म्हणजे ही चूक मुद्दाम करणं. १९९७ साली निरोगी माणसांवर झालेल्या एका बहुचर्चित तपासणीत १:४० पातळीला जवळपास ३२ टक्के लोक होकारार्थी निघाले, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० लासुद्धा ५ टक्के. संगणकातल्या क्रमांकाचीही गत काही वेगळी नाही. डॉक्टरला नुसता संशय आला, चाचणी लिहायची होती, म्हणून एम३२ टाकला गेला; चाचणी नकारार्थी आली, क्रमांक मात्र तिथेच राहिला.

यावर दोन उपाय आहेत. एक, नियम कडक करा: एकदाच आलेला क्रमांक पुरेसा नाही. कॅनडातल्या अभ्यासांत वापरला गेलेला एक नियम असा आहे की रुग्णालयात दाखल असताना ल्युपसची नोंद झालेली असावी, नाहीतर किमान आठ आठवड्यांच्या अंतराने दोन भेटींत तो क्रमांक यावा, नाहीतर संधिवाततज्ज्ञाने स्वतः तो लिहिलेला असावा. दोन, यादीतल्या काही नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडा, मूळ केसपेपर मागवा आणि निकष लावून बघा. शंभरातल्या किती खऱ्या निघाल्या तो आकडा तुमच्या दराइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो दर काही वर्षांनी पुन्हा काढावा लागतो. केसपेपर वाचणाऱ्या दोघांना काही नोंदी स्वतंत्रपणे वाचायला द्या. 'गालावर लाली' आणि 'ल्युपसचं पुरळ' यांत त्यांचं कितपत जुळतं ते पहिल्याच आठवड्यात कळलेलं बरं.

पायरी ६: एकच बाई तीनदा

इतक्या ठिकाणांहून नावं गोळा केली की तीच व्यक्ती पुन्हापुन्हा येते. बाकीच्या आजारांतही येते, पण ल्युपसमध्ये एक खास गोम आहे: रुग्ण बहुतांशी तरुण स्त्रिया, आणि लग्नानंतर आडनाव, कधी पहिलं नावही बदलतं. मी केलेल्या पहिल्याच यादीत एक बाई प्रयोगशाळेत माहेरच्या आडनावाने, डायलिसिसच्या यादीत सासरच्या आडनावाने आणि रुग्णालयात चुकलेल्या स्पेलिंगने बसली होती. तिन्हीकडे जन्मतारीख तीच. निव्वळ नावावर जुळणी करू नका. जन्मतारीख, लिंग, पत्त्याचा भाग, निदानाचं वर्ष हे एकत्र धरून जुळवा आणि शंकेच्या जोड्या डोळ्यांनी तपासा. संगणक त्या जोड्या सुचवेल, निकाल माणसाने द्यायचा.

पायरी ७: 'नवा' कधी झाला?

पहिलं लक्षण दिसलं तो दिवस, डॉक्टरने निदान केलं तो, की चौथा निकष पूर्ण झाला तो? तिन्हींत काही वर्षांचं अंतर पडू शकतं. निदानाची तारीख कागदावर सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून बहुतेक जण ती घेतात. कोणतीही घ्या, पण दरम्यान बदलू नका.

संगणकीय नोंदी वापरत असाल तर सापळा इथे आहे. तुमचा डेटा २०१० पासून सुरू होतो. एक बाई २००४ पासून रुग्ण आहे, पण तिची पहिली भेट तुम्हाला २०१० मध्येच दिसणार. ती 'नवी' ठरते. अशा सगळ्या जुन्या रुग्णांमुळे पहिल्या वर्षी नव्यांचा डोंगर, दुसऱ्या वर्षी टेकडी, मग सपाटी. आणि कुणीतरी लिहितं की आजार झपाट्याने कमी होतोय! उपाय सोपा: आधीची काही वर्षं कोरी असलेली नोंदच नवी धरायची. एक वर्ष अपुरं पडतं. दोन, तीन, पाच वर्षं अशी वेगवेगळी मुदत लावून बघा आणि आकडा जिथे स्थिरावतो तिथे थांबा. मात्र ती मुदत प्रत्येक वर्षाला सारखीच लावायची. नाहीतर शेवटच्या वर्षांना मागे बघायला जास्त काळ मिळतो आणि घट आपोआप तयार होते.

पायरी ८: जे सापडलेच नाहीत

तलावातले मासे मोजणाऱ्यांची युक्ती इथे चालते. समजा रुग्णालयांच्या यादीत १२० जण, प्रयोगशाळांच्या यादीत ९०, आणि दोन्हींत असलेले ६०. प्रत्यक्ष पाहिलेले एकूण १५०. न पाहिलेले धरून एकूण किती याचा अंदाज घ्यायला पहिल्या दोन आकड्यांत एकेक मिळवून गुणा, दोन्हींत असलेल्यांतही एक मिळवून त्याने भागा, शेवटी एक वजा करा: १२१ गुणिले ९१, भागिले ६१, वजा १. उत्तर साधारण १८०. म्हणजे तीसेक जण दोन्ही जाळ्यांतून निसटले.

पण याला एक अट आहे, ती म्हणजे दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असायला हव्यात. प्रत्यक्षात रुग्णालयच रक्त प्रयोगशाळेत पाठवतं, म्हणून दोन्हींत असलेले जास्त निघतात आणि सुटलेल्यांचा अंदाज कमी येतो. तीन किंवा जास्त याद्या असतील तर हे परस्परावलंबन काही अंशी हिशेबात घेता येतं; त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ गाठा. आणि यादीत खोटे रुग्ण असतील तर ही पद्धत हमखास फसते, म्हणून ही पायरी सहाव्यानंतरच.

पायरी ९: दर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची जागा

चार लाखांची वस्ती, वर्षात २२ नवे रुग्ण. दर लाखामागे ५.५. पुढच्या वर्षी २८, म्हणजे ७. सत्तावीस टक्क्यांची वाढ! थांबा. बावीस या मोजणीची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण १४ ते ३३ आहे, म्हणजे दर ३.४ ते ८.३ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. अठ्ठावीस त्यात आरामात बसतो. हातघाईच्या वेळी मोजणीचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, दोन्ही बाजूंना लावा. फार लहान आकड्यांना हे चालत नाही, तिथे पॉइसनचा तक्ता (दुर्मीळ घटनांच्या मोजणीसाठीचा संख्याशास्त्रातला तक्ता) बघा. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९१,८८८ लोकांत ३ रुग्ण सापडले होते, लाखामागे जेमतेम तीन. हा आकडा भारतातला दर म्हणून आजही उद्धृत होतो. पण तीन या मोजणीची मर्यादाच ०.६ ते ८.८ च्या दरम्यान जाते, म्हणजे एकाच पाहणीच्या पोटात दहापटींहून जास्त अंतर मावतं. लहान वस्तीत वर्षावर्षाचे दर छापूच नका, तीन-तीन किंवा पाच-पाच वर्षं एकत्र करा.

मग वय आणि लिंग. एका भागात तरुण स्त्रिया कामासाठी येऊन राहिल्या, दुसऱ्यातून त्या निघून गेल्या. आजाराचा धोका तसाच असूनही पहिल्या भागातला कच्चा दर चढेल. प्रत्येक वयोगटाचा, स्त्री-पुरुषांचा वेगळा दर काढून त्याला एका ठरलेल्या प्रमाण लोकसंख्येचं वजन द्या आणि बेरीज करा. जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाण लोकसंख्या आहे, अमेरिकेची २००० सालची आहे, युरोपची २०१३ची. कोणती घेतली ते लिहा, कारण वेगवेगळ्या प्रमाणांवर बसवलेले दर शेजारी ठेवता येत नाहीत. स्त्री आणि पुरुष यांचा दर मात्र प्रत्येक अहवालात वेगळा हवाच. नऊपट फरक असलेल्या दोन गटांची सरासरी कुणाचंच चित्र दाखवत नाही. वंशगटांतही फरक मोठे आहेत. अमेरिकेत गोऱ्या स्त्रियांपेक्षा कृष्णवर्णीय स्त्रियांत प्रमाण दोन-तीनपट, आणि तिथल्या मूळनिवासी स्त्रियांच्या नोंदवहीत लाखामागे २७१ एवढं आढळलं.

पायरी १०: वर्षांची रांग लावताना

मिनेसोटातली ऑल्मस्टेड काउंटी ही रोगांची मोजणी शिकणाऱ्यांची पंढरीच म्हणायला हवी. सगळ्या रहिवाशांचे वैद्यकीय कागद तिथे दशकानुदशकं जोडून ठेवले आहेत. १९५० ते १९७९ मध्ये ल्युपसच्या नव्या रुग्णांचा दर लाखामागे १.५१ होता, १९८० ते १९९२ मध्ये ५.५६. साडेतीनपटींहून जास्त. मधल्या काळात काय झालं? ल्युपसच्या रुग्णांत दिसणारी 'एलई पेशी' १९४८ मध्ये सापडली, एएनएची चाचणी १९५७च्या सुमारास आली आणि हळूहळू रोजच्या वापरात रुजली. सौम्य आजार, जो पूर्वी नुसती सांधेदुखी म्हणून घरी गेला असता, नाव मिळवून यादीत आला. अभ्यासकांनी स्वतःच ही शक्यता मांडली होती.

पुढची गंमत बघा. त्याच काउंटीच्या १९९३ ते २००५ या काळाच्या अभ्यासात दर २.९ आला. घटला म्हणावं? नंतर तिथल्याच चाळीसेक वर्षांच्या कागदांना २०१९चे निकष एकसारखे लावले, तेव्हा दर सुमारे ३.३ वरून ६.४ पर्यंत चढत गेलेला दिसला, आणि त्यातला काही भाग वस्तीची वांशिक घडण बदलल्याने होता. एकच गाव, तीच कपाटं, आणि वेगवेगळ्या कहाण्या. त्यातल्या मला पटते ती शेवटचीच, कारण तिथे पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत माप एकच आहे.

आलेखात वळण दिसलं की कारण शोधायला बाहेर पडण्याआधी घरातली झडती घ्या. त्या वर्षी रोगक्रमांकांची आवृत्ती बदलली का? अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ला आयसीडी-१० लागू झालं, तेव्हाचे अनेक आलेख त्या दिवशी अडखळतात. नवा संधिवाततज्ज्ञ आला का? एखादी प्रयोगशाळा यादी द्यायला लागली, की द्यायची थांबली? एएनएचा संच बदलला का? २०२० मध्ये कोविडमुळे लोकांनी नेहमीच्या तपासण्या पुढे ढकलल्या, तेव्हाची खोलगट जागा आजाराची नाही. शेवटची एक-दोन वर्षं तर नेहमीच बुटकी दिसतात. निदानाला वेळ लागतो, कागद यायला वेळ लागतो. तो भाग तुटक रेषेने काढा, शेजारी 'अपूर्ण' लिहा आणि त्यावरून उतार काढू नका.

कल खरोखर मोडला का हे पाहायला जॉइनपॉइंट पद्धत बरी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं तिचं सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतं. पण ते मोड कुठे आहे एवढंच सांगेल, का आहे ते नाही.

छापण्याआधी

पाचपेक्षा कमी रुग्ण असलेला चौकोन तक्त्यात उघडा ठेवू नका. एका लहान गावातला, ३० ते ३४ वयोगटातला एकमेव पुरुष रुग्ण कोण ते गावाला लगेच कळतं. नावांची फाईल वेगळी, आजाराची फाईल वेगळी, मधला दुवा एकाच माणसाच्या ताब्यात. नीतिसमितीची परवानगी पहिल्या कागदाच्या आधी घ्यायची असते, अहवालाच्या आधी नव्हे.

आणि एक वही ठेवा, संगणकात किंवा खरीखुरी. तारीख, काय बदललं, कोणत्या स्रोतात, कोणत्या वर्षांच्या आकड्यांवर परिणाम होईल, कुणी नोंदवलं, असे पाच रकाने पुरतात. प्रयोगशाळेने यंत्र बदललं, लिहा. केसपेपर वाचणारी मुलगी नोकरी सोडून गेली आणि नवा मुलगा आला, तेही लिहा. दहा वर्षांनी तुमच्या खुर्चीवर बसणारा आलेखातल्या उंचवट्यावर बोट ठेवून विचारेल, तेव्हा तुम्ही तिथे नसाल. वही असेल.